बिलिरुबिन ऑक्सिडेझ: सीरमचा पिवळेपणा आकड्यात कसा आणायचा

काविळीच्या रुग्णाचे सीरम ओळखायला यंत्र लागत नाही. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचा थर हळदीच्या पाण्यासारखा दिसतो. हा रंग बिलिरुबिनचा, म्हणजे जुन्या तांबड्या पेशी मोडताना तयार होणाऱ्या रंगद्रव्याचा. पण त्या पिवळेपणातला किती भाग यकृतातून प्रक्रिया होऊन आला (संयुग्मित, रिपोर्टवरचे डायरेक्ट) आणि किती अजून तिथे पोहोचलेलाच नाही (असंयुग्मित), हे डोळ्यांना कळत नाही. सगळे मिळून ते टोटल. उपचाराची दिशा तर नेमकी त्यावर ठरते. बहुतेक लॅबमध्ये हे मोजमाप अजूनही डायझो पद्धतीने, म्हणजे डायझो रसायनाने बिलिरुबिनला रंग आणून, होते. एर्लिखने १८८३ मध्ये तिचा पाया घातला आणि येंड्राशिक-ग्रोफ यांनी १९३८ मध्ये तिला नीट रूप दिले. दुसरी वाट एन्झाइमची आहे. ती वापरताना कुठे काय करायचे आणि कुठे फसगत होते, ते इथे क्रमाने दिले आहे. कृती अध्यापनाच्या आणि संशोधनाच्या लॅबसाठी आहे. रुग्णाचा रिपोर्ट मात्र लॅबने पडताळून घेतलेल्या किटवर आणि त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणेच द्यायचा.

एन्झाइम नेमके काय करते

बिलिरुबिन ऑक्सिडेझ, ईसी १.३.३.५, हे मायरोथेशियम व्हेरुकेरिया या बुरशीपासून मिळते. जपानमध्ये तानाका आणि मुराओ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळे केले. रेणूचे वजन सुमारे ६० किलोडाल्टन, आणि त्यात तांब्याचे चार अणू. त्यांपैकी एक, टी१, बिलिरुबिनकडून इलेक्ट्रॉन घेतो. उरलेल्या तिघांच्या पुंजक्यावर ऑक्सिजनचे पाणी होते. बिलिरुबिनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू खर्चून हिरव्या बिलिव्हर्डिनचे दोन आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत नाही, हे लक्षात ठेवा. ग्लुकोज किंवा युरिक अॅसिडच्या चाचणीसारखा पुढे पेरॉक्सिडेझ जोडून रंग आणता येत नाही. इथे मोजायचा तो नाहीसा होणारा पिवळा रंग.

या पद्धतीची खरी ताकद त्यातच आहे. एन्झाइम घालण्याआधी एक रीडिंग, घातल्यावर दुसरे. दोन्ही एकाच क्युव्हेटमध्ये. सीरम थोडे गढूळ असले, चरबीमुळे दुधाळ असले, तरी तो दोष दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच असतो आणि वजाबाकीत बहुतांश निघून जातो. प्रत्येक नमुना स्वतःचाच ब्लँक, म्हणजे वजा करायचे मूळ रीडिंग, होतो.

आधी नमुना, कारण चूक बहुधा तिथेच होते

बिलिरुबिनला प्रकाश सोसत नाही. थेट उन्हात ठेवलेल्या सीरममधले बिलिरुबिन तासाभरात निम्म्यापर्यंत उतरू शकते. नवजात बाळांवरच्या प्रकाशोपचाराचा उगमही इथलाच आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ च्या सुमारास सिस्टर वॉर्ड यांना दिसले की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा फिकी पडते आणि झाकलेला भाग पिवळाच राहतो. पुढे तिथेच खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन अनपेक्षितपणे कमी भरले. डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये त्यावरचे काम प्रसिद्ध केले. बाळाला तारणारा हा गुण नळीत मात्र रिपोर्ट बिघडवतो.

म्हणून:

बाळ निळ्या दिव्याखाली असेल तर टाचेतून रक्त घेताना दिवा बंद करा. केशिका नळी भरेपर्यंतची दोन मिनिटेसुद्धा महत्त्वाची आहेत.

नळी भरताच अॅल्युमिनियम फॉइलमध्ये किंवा काळ्या कागदात गुंडाळा. कलेक्शन सेंटरहून स्कूटरवर येणारे नमुने पारदर्शक पिशवीत आणू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर झाकणाच्या थंड पेटीला पर्यायच नाही.

साधी लाल टोपीची नळी किंवा हेपरिनची नळी घ्या. साखरेसाठीची करड्या टोपीची फ्लुओराइडची नळी इथे चालत नाही: फ्लुओराइड या एन्झाइमच्या तांब्याला जाऊन चिकटते. ईडीटीएही टाळा, कारण ते धातू पकडून ठेवते. "रक्त कमी आहे, साखरेच्या नळीतूनच घ्या" असा निरोप आला तर नवीन नमुना मागवा.

सीरम वेगळे करून अंधारात ठेवले तर खोलीच्या तापमानाला एक दिवस, २ ते ८ अंशांवर सात दिवस आणि उणे २० अंशांवर सुमारे सहा महिने टिकते.

स्टँडर्ड तयार करणे

शुद्ध बिलिरुबिन नारिंगी-तपकिरी पूड असते आणि साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही. अल्कलीत विरघळते, पण तिथे हवेतला ऑक्सिजन त्याला मिनिटांत खराब करू लागतो. त्यामुळे दिवा मंद करून, आधी सगळे मोजून ठेवून, एका दमात काम उरका.

१० मिग्रॅ बिलिरुबिन अंबर रंगाच्या ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या. त्यावर ०.५ मिली डीएमएसओ हा द्रावक टाकून पूड पूर्ण भिजवा. कोरडे गोळे राहिले तर ते शेवटपर्यंत विरघळत नाहीत. मग ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट १ मिली घालून हलक्या हाताने फिरवा. द्रावण गर्द लाल-नारिंगी आणि स्वच्छ दिसले की लगेच ४ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन असलेला पीएच ७.४ चा ट्रिस बफर थोडा थोडा घालत ५० मिलीच्या खुणेपर्यंत आणा. हे झाले २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरचे स्टँडर्ड. त्याच अल्ब्युमिन बफरने पातळ करून १०, ५ आणि २.५ चे स्टँडर्ड बनवा.

अल्ब्युमिन ४ टक्केच का? बिलिरुबिनचा रेणुभार ५८४.७ असल्याने २० मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ३४२ मायक्रोमोलर. अल्ब्युमिन ४ टक्के म्हणजे सुमारे ६०० मायक्रोमोलर. अल्ब्युमिनचा एक रेणू बिलिरुबिनचा एक रेणू घट्ट धरतो, म्हणजे प्रत्येकाला जागा आहे आणि वर शिल्लकही. अल्ब्युमिनमध्ये काटकसर केली तर मोकळे बिलिरुबिन काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटते आणि स्टँडर्ड दिवसागणिक उतरत जाते.

हे स्टँडर्ड फक्त असंयुग्मित बिलिरुबिनचे आहे. डायरेक्टच्या कंट्रोलसाठी (उत्तर आधीच माहीत असलेल्या तपासणी-नमुन्यासाठी) बाजारात डायटॉरोबिलिरुबिन मिळते; ते खऱ्या ग्लुकुरोनाइडच्या, म्हणजे यकृताने बनवलेल्या संयुग्मित बिलिरुबिनच्या, जागी चालवून घेतलेले आहे, तंतोतंत तेच नव्हे.

बफर: इथे दोन खड्डे आहेत

टोटल बिलिरुबिनसाठी ०.१ मोलर ट्रिस-एचसीएल घ्या. त्यात प्रति लिटर ४ ग्रॅम सोडियम कोलेट आणि १ ग्रॅम एसडीएस घाला. हे दोघे डिटर्जंट अल्ब्युमिनच्या पकडीतून असंयुग्मित बिलिरुबिन सोडवतात. ते नसतील तर एन्झाइमपर्यंत ते फार संथ पोहोचते आणि टोटल कमी येते.

पहिला खड्डा तापमानाचा. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. खोलीत २५ अंशांवर ८.२ लावला तर ३७ अंशांच्या ब्लॉकमध्ये तो ७.९ च्या आसपास जातो. म्हणून २५ अंशांवर ८.५ लावा, म्हणजे ३७ ला ८.२ मिळतो.

दुसरा खड्डा एसडीएसचा. फ्रिजमधून काढलेला बफर पांढरट, तंतूसारखा दिसला तर तो खराब झालेला नाही. एसडीएस गोठून बाहेर आले आहे. ३० अंशांवर कोमट करून पूर्ण स्वच्छ होऊ द्या, मगच पिपेट बुडवा. मात्र पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये एसडीएस टाकलेत तर पोटॅशियमबरोबर तो साका बसतो आणि कोमट करूनही धड विरघळत नाही. सोडियमचे क्षारच वापरा.

एन्झाइमची ताकद तपासणे

बाटलीवर लिहिलेले युनिट बहुधा बिलिरुबिनवर मोजलेले असतात: पीएच ८.४, ३७ अंश, मिनिटाला १ मायक्रोमोल. रोजच्या तपासणीला एबीटीएस हे रंग देणारे रसायन सोपे पडते, कारण ते पाण्यात विरघळते आणि हिरवे-निळे होते.

०.१ मोलर फॉस्फेट-सायट्रेट बफर, पीएच ४, ८५० मायक्रोलिटर. १० मिलिमोलर एबीटीएस १०० मायक्रोलिटर. पातळ केलेले एन्झाइम ५० मायक्रोलिटर. ४२० नॅनोमीटरवर पहिल्या मिनिटाची सरळ चढण पकडा. समजा मिनिटाला ०.१८ ने वाढ झाली. एबीटीएसचा गुणांक ३६ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर, म्हणून ०.१८ भागिले ३६ म्हणजे १ मिलीत मिनिटाला ०.००५ मायक्रोमोल. हे ५० मायक्रोलिटरमधून आले, म्हणजे पातळ द्रावणात मिलीला ०.१ युनिट. एन्झाइम २०० पट पातळ केले असेल तर मूळ द्रावण २० युनिट प्रति मिली.

हे एबीटीएसचे युनिट आहेत. बाटलीवरच्या आकड्याशी ते जुळणार नाहीत आणि जुळायची अपेक्षाही धरू नका. सब्स्ट्रेट वेगळा, पीएच वेगळा, शिवाय एबीटीएसचा रेणू एक इलेक्ट्रॉन देतो तर बिलिरुबिनचा दोन. या आकड्याचा उपयोग लॉटची लॉटशी आणि महिन्याची महिन्याशी तुलना करायला.

एन्झाइमच्या द्रावणात टिकाऊपणासाठी सोडियम अॅझाइड टाकू नका. इतर रिएजंटना लागलेली ही सवय इथे घातक आहे, कारण अॅझाइड या एन्झाइमला थेट अडवते. काही तयार कंट्रोल सीरममध्येही अॅझाइड असते. रुग्णांचे नमुने नीट आणि कंट्रोल तेवढा कमी, असे झाले तर त्या कंट्रोलचे लेबल आधी वाचा.

टोटल बिलिरुबिन: कृती

१. क्युव्हेटमध्ये बफर ९०० मायक्रोलिटर आणि सीरम ५० मायक्रोलिटर घ्या. तीनदा उलटसुलट करा. जोराने हलवलेत तर डिटर्जंटचा फेस येईल आणि रीडिंग नाचेल.

२. ३७ अंशांवर ५ मिनिटे ठेवा. ४५० नॅनोमीटरवर पाण्याच्या तुलनेत रीडिंग घ्या. हे अ१.

३. मिलीला ५ ते १० युनिटचे एन्झाइम ५० मायक्रोलिटर घाला, मिसळा.

४. ५ मिनिटांनी रीडिंग घ्या, मग दर दोन मिनिटांनी. लागोपाठ दोन रीडिंगमध्ये ०.००२ पेक्षा कमी फरक राहिला की ते अ२.

५. सीरमऐवजी पाणी घालून हेच करा. त्यात फरक आला तर तो सर्वांतून वजा करा.

एन्झाइम घातल्यावर आकारमान ९५० वरून १००० मायक्रोलिटर झाले, म्हणून अ१ ला ०.९५ ने गुणायचे. उदाहरण पाहा. १० मिग्रॅच्या स्टँडर्डचे अ१ ०.४६२, अ२ ०.०४१; फरक ०.३९८. नमुन्याचे अ१ ०.३१८, अ२ ०.०६३, फरक ०.२३९. तेव्हा ०.२३९ भागिले ०.३९८ गुणिले १० म्हणजे ६.० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. परदेशी रिपोर्टशी ताडून पाहायचे असेल तर १७.१ ने गुणा: १०३ मायक्रोमोल प्रति लिटर. ०.९५ ची दुरुस्ती विसरलात तर गढूळ नमुन्यात खोटी वाढ दिसते, कारण गढूळपणाही एन्झाइमच्या थेंबाने पातळ होतो आणि तो बिलिरुबिन म्हणून मोजला जातो.

नवीन लॉट आला की एक चाचणी चुकवू नका: १० मिग्रॅचे स्टँडर्ड एकदा नेहमीच्या आणि एकदा दुप्पट एन्झाइमने करा. अंतिम फरक तोच आला तर एन्झाइम पुरेसे आहे. दुप्पटीत फरक वाढला तर आधीचे अपुरे होते, किंवा एसडीएस जास्त होऊन एन्झाइम मधेच मरत होते. ऑक्सिजनची मात्र काळजी नको. हवा लागलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर तो सुमारे २०० मायक्रोमोलर असतो आणि १० मिग्रॅच्या नमुन्याला क्युव्हेटमध्ये जेमतेम ४ मायक्रोमोलर लागतो.

निरोगी प्रौढाचे टोटल साधारण ०.३ ते १.२ मिग्रॅ असते. या पातळीला फरक ०.०५ च्याही खाली जातो, तेव्हा सीरम १०० आणि बफर ८५० मायक्रोलिटर घ्या आणि स्टँडर्डही तसेच करा.

डायरेक्ट: एन्झाइम तेच, पीएच वेगळा

या एन्झाइमची सर्वांत उपयोगी खोड ही की ते काय खाईल हे पीएच ठरवतो. पीएच १० वर, डिटर्जंट नसताना, ते ग्लुकुरोनाइड जोडलेले बिलिरुबिन झपाट्याने संपवते, असंयुग्मिताला फारच थोडे हात लावते. कोलेट आणि एसडीएस दोन्ही नसलेला ०.१ मोलर कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर, पीएच १०, घेऊन वरचीच कृती करा. फक्त इथे रीडिंग स्थिर होण्याची वाट पाहू नका. ठरवलेल्या वेळी, समजा ५ मिनिटांनी, वाचा आणि सगळ्यांना तीच वेळ लावा. पुढे असंयुग्मितही हळूहळू झिजत राहते. शिवाय या पीएचला बिलिरुबिन हवेनेही खराब होते, म्हणून प्रत्येक नमुन्याची एक नळी एन्झाइमशिवाय चालवा आणि तिची घट वजा करा.

अल्ब्युमिनला कायमचे जोडले गेलेले डेल्टा बिलिरुबिन पीएच १० वर जवळपास मोजले जात नाही, पण डायझोच्या डायरेक्टमध्ये ते येते. पित्तनलिकेतला खडा काढल्यावर डायझोचे डायरेक्ट दोन-तीन आठवडे रेंगाळते, कारण डेल्टा अल्ब्युमिनच्याच वेगाने झिजते. एन्झाइमचा आकडा तोवर उतरलेला असतो. रुग्णाने मधे लॅब बदलली तर दोन रिपोर्ट जुळत नाहीत आणि घरच्यांना वाटते कुणीतरी चुकले. रिपोर्टवर पद्धतीचे नाव लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

नवजाताच्या रिपोर्टमध्ये टोटल बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून पाहिले जाते, म्हणून नमुना घेतल्याची वेळ मिनिटांसह लिहा. पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ आणि १ मिग्रॅच्या वर गेलेले डायरेक्ट, हे दोन्ही डॉक्टरांना फोनवर कळवायचे निष्कर्ष आहेत. दुसऱ्यात पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते आणि तिची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तरच बाळाला खरा फायदा होतो. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल" या सल्ल्यावर तो वेळ घालवू नये.

दुसऱ्या चाचण्यांतून बिलिरुबिन हटवणे

अनेक किटमध्ये हे एन्झाइम बिलिरुबिन मोजायला नव्हे, वाटेतून काढायला घातलेले असते. किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन जाफे या रंगाच्या पद्धतीने मोजले तर बिलिरुबिनमुळे खोटे कमी येते. यकृत बिघडलेल्या रुग्णाची किडनीही ढासळत असेल तर ते झाकले जाते. पेरॉक्सिडेझवर चालणाऱ्या कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि युरिक अॅसिडच्या चाचण्याही काविळीत खाली ओढल्या जातात.

दोन बाटल्यांच्या पद्धतीत एन्झाइम पहिल्या बाटलीत घाला, सीरमबरोबर ५ मिनिटे चालू द्या, मग दुसरी बाटली मिसळा. एकाच बाटलीत सगळे घातलेत तर हे एन्झाइम रंगद्रव्याचेही ऑक्सिडेशन करते आणि रिएजंट ब्लँक दिवसभर चढत राहतो. मात्रा ठरवायला कमी क्रिएटिनिनचे सीरम घेऊन त्यात वाढते बिलिरुबिन घाला आणि २० मिग्रॅपर्यंत उत्तर हलत नाही ती सर्वांत कमी मात्रा निवडा.

इलेक्ट्रोडवर

जैव-इंधन घटाच्या कॅथोडसाठी या एन्झाइमला मागणी आहे, कारण शरीराच्या पीएचला आणि क्लोराइड असतानाही ते ऑक्सिजनचे थेट पाणी करते. तिथे बरीचशी लॅकेज, म्हणजे तांबे असलेलीच दुसरी, एन्झाइमे नांगी टाकतात.

३ मिलिमीटरचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिनाने घासून घ्या आणि पाण्यात एक मिनिट अल्ट्रासॉनिकमध्ये धरा. कार्बन नॅनोट्यूबच्या मिलीला १ मिग्रॅच्या द्रावणाचे ५ मायक्रोलिटर टाकून वाळवा. त्यावर मिलीला ५ मिग्रॅ एन्झाइमचे ५ मायक्रोलिटर टाकून ४ अंशांवर दमट डबीत रात्रभर ठेवा. कोरडे पडू दिलेत तर एन्झाइम मरते. नॅफिऑन या पॉलिमरचा थर द्यायचा असेल तर तो आधी उदासीन केलेला हवा, कच्चा नॅफिऑन आम्ल असतो.

तपासणी ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७ मध्ये, सेकंदाला ५ मिलिव्होल्टने. आधी नायट्रोजन सोडून, मग ऑक्सिजन सोडून. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ०.४५ ते ०.५ व्होल्टच्या आसपास ऑक्सिजनचा प्रवाह सुरू झाला तर इलेक्ट्रॉन टी१ पर्यंत पोहोचत आहेत. तो बराच खाली सुरू झाला तर एन्झाइम उलटे बसले आहे आणि टी१ ची बाजू कार्बनपासून दूर आहे. ऋणभार असलेले, म्हणजे कार्बोक्सिल गट चढवलेले नॅनोट्यूब घेऊन पुन्हा करा. प्रवाह लवकर सुरू होतो पण तासाभरात निम्मा होतो, असे असेल तर एन्झाइम धुऊन निघत आहे: तोच इलेक्ट्रोड ताज्या बफरमध्ये ठेवा आणि जुन्या बफरवर एबीटीएसची चाचणी करा. हिरवा रंग आला तर गळती सिद्ध झाली आणि दुरुस्ती बांधणीत करायची, एन्झाइमच्या मात्रेत नव्हे.